कोळशाची भट्टी आणि उष्णतेची बेरीज : टोकावडे परिसराच्या वनेतिहासातील एक हिशेब

कल्याणहून नगरकडे जाणारा रस्ता मुरबाड ओलांडून पुढे गेला की सह्याद्रीची भिंत हळूहळू जवळ येऊ लागते, आणि नाणेघाट व माळशेज या दोन जुन्या वाटांच्या पायथ्याशी येण्यापूर्वी टोकावडे हे गाव लागते. उत्तरेस शहापूर तालुक्याचा डोंगराळ मुलूख आणि पूर्वेस घाटमाथा यांच्यामधला हा पट्टा साग, ऐन, धावडा, खैर, किंजळ अशा वृक्षांच्या मिश्र जंगलाचा आहे. या जंगलाचा जो इतिहास लिहिला गेला आहे, तो मुख्यतः वनमहसुलाचा, राखीव क्षेत्रांचा आणि आदिवासींच्या हक्कांचा आहे, व तो तसा असणे स्वाभाविकही आहे. परंतु येथून शहराकडे गेलेल्या मालात एक पदार्थ असा होता की जो जंगलात जन्मत नाही, तर जंगलात तयार केला जातो. तो म्हणजे लाकडी कोळसा. कोळसा ही रासायनिक विक्रियेची निष्पत्ती आहे. म्हणून त्याच्या इतिहासाला महसुली वह्यांखेरीज आणखी एक साक्षीदार उपलब्ध आहे. रसायनशास्त्राच्या आरंभीच्या पाठांत विक्रियेच्या उष्णतेचे जे गणित शिकविले जाते, तेच हा साक्षीदार होय.

मुंबईला या मुलखाची गरज फार पूर्वीपासून होती. तथापि लोहमार्गामुळे ती वेगळ्याच प्रमाणावर वाढली. बोरीबंदर ते ठाणे हा मार्ग १८५३ साली सुरू झाला व पुढल्याच वर्षी आगगाडी कल्याणला पोहोचली. रुळांखालचे लाकूड, इमारती लाकूड आणि सरपण यांची मागणी ठाणे जिल्ह्याच्या जंगलावर येऊन पडली. (शहराची तहानही याच दिशेने भागली; शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईस मिळू लागले.) चाळीतील स्वयंपाकघराला ओले लाकूड व त्याचा धूर परवडणारा नव्हता. तेथे शेगडी होती, आणि शेगडीला कोळसा हवा होता. कोळशाची वखार ही मुंबईच्या प्रत्येक वस्तीतील ओळखीची जागा बनली. टोकावड्यासारख्या ठिकाणाहून रेल्वेचे स्थानक पन्नास किलोमीटरांच्या आसपास दूर. बैलगाडीच्या वाटेने एवढे अंतर नेण्याचा माल जितका हलका तितका बरा, आणि एक किलोग्रॅम कोळशात एक किलोग्रॅम हवेत वाळलेल्या लाकडाच्या जवळजवळ दुप्पट उष्णता असते. जंगलातच भट्टी लावण्याचे मुख्य कारण हे अंतर होय.

भट्टी लावणारे बहुतेक कातकरी. या जमातीचे नावच तिच्या जुन्या धंद्यावरून पडले आहे. खैराच्या लाकडाचे तुकडे पाण्यात उकळून, तो अर्क आटवून कात करणारे ते कातकरी. वनसंरक्षणाचे नियम जसजसे कडक होत गेले, विशेषतः १८७८ च्या वनकायद्यानंतर, तसतसा हा स्वतंत्र धंदा मागे पडला व लाकूडतोड आणि कोळसा पाडणे ही मजुरीची कामे पुढे आली. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात वनोत्पादनाची जी व्याख्या आहे, तीत कोळसा आणि कात ही दोन्ही नावे आढळतात. हा माल जंगलात सापडलेला असो वा बाहेरून आलेला असो, तो वनोत्पादनच समजला जावा असे तेथे म्हटले आहे. कातकऱ्याचा जुना धंदा आणि नवी मजुरी, दोन्ही एकाच कलमात येऊन बसली आहेत, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

भट्टीची कृती दिसण्यास साधी, पण हाताळण्यास कठीण. तोडलेले ओंडके सारख्या लांबीचे करून जमिनीवर किंवा उथळ खड्ड्यात रचावयाचे, वर पाला व गवत अंथरून त्यावर मातीचा थर द्यावयाचा, एका तोंडाने विस्तव घालावयाचा आणि बाजूची छिद्रे उघडझाप करीत हवा मोजून द्यावयाची. हवा अधिक झाली तर लाकडाची राख होते, कमी झाली तर विस्तव विझतो व आत कच्चे लाकूड राहते. धुराचा रंग हाच कोळसेवाल्याचा तापमापक. प्रथम दाट पांढरा धूर येतो, तो बहुतांशी पाण्याची वाफ होय. पुढे धूर पिवळसर व झोंबरा होतो; या वेळी लाकडातील घटकांचे विघटन चालू असते. शेवटी तो विरळ व निळसर झाला की कोळसा झाला असे समजून सर्व छिद्रे लिंपून टाकावयाची व भट्टी निवू द्यावयाची. निवण्यापूर्वी ती उघडली तर हवा लागताच सारा माल पेट घेतो. म्हणून पाळत रात्रंदिवस ठेवावी लागते, आणि दिवाळीनंतर सारे कुटुंबच्या कुटुंब भट्टीवर राहावयास जाण्याची जी रूढी पडली, तिचे एक कारण हेही आहे.

या भट्टीत जंगलाची किती उष्णता खर्ची पडली, हा प्रश्न विचारता येण्यासाठी उष्णता मोजण्याची रीत आधी सापडावी लागली. आणि ती सापडली तेव्हा मोजल्या गेलेल्या पहिल्या पदार्थांपैकी एक लाकडी कोळसाच होता. १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिस येथे लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी बर्फाचा उष्णतामापक बनविला. आतल्या पोकळीत कोळसा जाळावयाचा, भोवतालच्या बर्फाचे जे पाणी होईल ते वजन करावयाचे, आणि त्या पाण्यावरून उष्णता ठरवावयाची. बाहेरची उष्णता आतल्या बर्फाला लागू नये म्हणून त्याच्याभोवती बर्फाचे दुसरे वेष्टण. वितळणारा बर्फ ठराविक उष्णता शोषून घेतो हे स्कॉटलंडमध्ये जोसेफ ब्लॅक यांनी वीस वर्षे आधीच दाखविले होते. एक पौंड कोळसा जळाला असता ९६ पौंड ८ औंस बर्फ वितळतो असे लाव्हाझिए यांनी नोंदविले. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारे ८० कॅलरी लागतात हे धरून हिशेब केला तर दर ग्रॅम कोळशामागे सुमारे ७,७०० कॅलरी येतात. शुद्ध कार्बनाचा आजचा आकडा ७,८३० च्या जवळपास आहे. उष्णता हे एक वजनरहित द्रव्य आहे अशी समजूत असणाऱ्या काळात, बर्फाच्या पाण्यावरून काढलेला आकडा शेकडा दोनच्या आत खरा ठरावा, ही गोष्ट तत्त्व आणि मापन यांच्या संबंधाविषयी बरेच काही सांगून जाते. त्याच साधनात त्यांनी गिनीपिगही ठेवला आणि प्राण्याचे श्वसन हे कोळशाच्या मंद ज्वलनासारखे आहे असा निष्कर्ष काढला.

त्यानंतरच्या शतकात मोजणीची साधने सुधारली. फाव्र आणि सिल्बरमान यांनी १८५२ च्या सुमारास लाकडी कोळशासाठी दर ग्रॅमला ८,०८० कॅलरी हा आकडा दिला व तो अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांत चालला. पुढे कोपनहेगनचे थॉमसेन आणि पॅरिसचे बर्थेलो यांनी शेकडो विक्रियांच्या उष्णतेची कोष्टके तयार केली. परंतु भट्टीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा शोध मोजणीचा नसून बेरजेचा आहे. सेंट पीटर्सबर्ग येथील जर्मेन हेस यांनी १८४० साली असे प्रतिपादिले की एखादी रासायनिक घडामोड एका टप्प्यात होवो वा अनेक टप्प्यांत, तीत मिळणारी एकूण उष्णता तीच राहते. आजच्या परिभाषेत, स्थिर दाबाखालील विक्रियेची उष्णता म्हणजे एन्थॅल्पीतील फरक, आणि तो फरक आरंभ व अंत या दोन अवस्थांवरच अवलंबून असतो. मधल्या वाटेवर नव्हे.

या नियमाचे शाळेत दिले जाणारे नेहमीचे उदाहरण कोळशाचेच आहे. एक मोल, म्हणजे १२ ग्रॅम, कार्बन पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड झाला की ३९३.५ किलोज्यूल उष्णता मिळते. कार्बन मोनॉक्साइड जळून डायऑक्साइड झाला की २८३.० किलोज्यूल. कार्बन अर्धवट जळून केवळ मोनॉक्साइड व्हावा असे मात्र उष्णतामापकात घडवून आणणे अवघड, कारण दोन्ही वायू एकदमच तयार होतात. तेव्हा पहिल्या आकड्यातून दुसरा वजा करावयाचा, उत्तर ११०.५ किलोज्यूल. जे मोजता येत नाही ते वजाबाकीने मिळते. विद्यार्थ्याला हे गणित कोरडे वाटते, पण बंद खोलीत पेटलेली शेगडी ठेवणाऱ्यास ज्या अदृश्य वायूने मरण येते, तोच हा वायू; आणि भट्टीचे छिद्र लिंपताना कोळसेवाल्याच्या तोंडावर येतो तोही हाच.

आता हाच नियम भट्टीला लावून पाहावा. लाकडाचा मुख्य घटक सेल्युलोज, आणि त्याच्या एका घटकाचे सूत्र सहा कार्बन, दहा हायड्रोजन व पाच ऑक्सिजन असे आहे, रेणुभार १६२. एवढे सेल्युलोज पूर्ण जाळले असता सुमारे २,८३० किलोज्यूल उष्णता मिळते. आदर्श भट्टी अशी कल्पावी की तीत सर्व कार्बन कोळसा म्हणून मागे राहतो आणि हायड्रोजन व ऑक्सिजन पाणी होऊन निघून जातात. मग १६२ ग्रॅमांतून ७२ ग्रॅम कोळसा मिळेल, शेकडा ४४. आणि त्या कोळशाच्या ज्वलनाची उष्णता सहा गुणिले ३९३.५, म्हणजे २,३६१ किलोज्यूल. हेसच्या नियमाप्रमाणे उरलेले सुमारे ४७० किलोज्यूल भट्टीतच बाहेर पडले असले पाहिजेत. पाणी वाफेच्या रूपाने गेले असे धरल्यास सुमारे २५०. म्हणजे कोळसा होण्याची क्रिया स्वतः उष्णतादायी आहे. अनुभवही याला जुळतो. लाकूड वाळेपर्यंत बाहेरून विस्तव पुरवावा लागतो. परंतु आतले तापमान २८० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की भट्टी आपल्या आपण तापू लागते, आणि मग कोळसेवाल्याचे काम आग वाढविण्याचे नसून तिला आवरण्याचे असते. धुराचा रंग पाहून छिद्रे बुजविणाऱ्या कातकऱ्यास हे ठाऊक होते. रसायनशास्त्राने त्याचे कारण सांगितले एवढेच.

प्रत्यक्ष भट्टी आदर्श भट्टीपासून फार दूर आहे. मातीच्या भट्टीत हवेत वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा पाचवा हिस्सा कोळसा मिळाला तर काम बरे झाले असे समजतात. शंभर किलोग्रॅम लाकूड घ्यावे. त्यात वीस किलोग्रॅम पाणी आणि ऐंशी किलोग्रॅम कोरडे लाकूड. कोरड्या लाकडाची उष्णता दर किलोग्रॅमला १९ मेगाज्यूल धरली तर एकूण १,५२० मेगाज्यूल होतात. मिळालेला कोळसा वीस किलोग्रॅम. त्यात थोडी राख व ओल असल्यामुळे दर किलोग्रॅमला ३० मेगाज्यूल धरावे, म्हणजे ६००. शेकडा चाळीसही नव्हे. बाकीच्या ९२० पैकी लाकडातील ओल तापवून तिची वाफ करण्यात पन्नासएक गेले. उरलेले कोठे गेले? काही लाकूड भट्टी तापविण्यासाठी जळाले, काही उष्णता मातीने घेतली, आणि मोठा भाग धुराबरोबर गेला; कारण डांबर, ॲसेटिक आम्ल, मेथिल अल्कोहोल, मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड हे सारे जळू शकणारे पदार्थ त्या धुरात असतात. बंद लोखंडी पात्रात लाकूड तापवून हे पदार्थ गोळा करण्याचे कारखाने परदेशांत आणि आपल्याकडे म्हैसूर संस्थानात भद्रावतीसही निघाले होते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या भट्टीत ते आकाशात गेले.

हा तोटा कोणाच्या खात्यावर पडला, हे पाहण्यासाठी दोन लिटर पाणी उकळण्याचे साधे गणित पुरते. ३० अंशांचे पाणी १०० अंशांवर न्यावयाचे. दोन किलोग्रॅम गुणिले ४.१८ गुणिले ७०, म्हणजे सुमारे ५८५ किलोज्यूल. शेगडीतील उष्णतेचा पाचवा हिस्सा भांड्याला लागतो असे धरले तर शंभर ग्रॅमांच्या आत कोळसा पुरे होतो. हा आकडा लहान दिसतो, आणि शहरातील गृहिणीच्या दृष्टीने तो खरोखरच लहान आहे. पण शंभर ग्रॅम कोळशामागे जंगलात अर्धा किलो लाकूड गेलेले असते. उलट टोकावड्याच्या एखाद्या पाड्यावर तीन दगडांच्या चुलीवर तेच पाणी उकळले आणि चुलीतील उष्णतेचा केवळ आठवा हिस्सा भांड्यास लागला, तरी सव्वातीनशे ग्रॅमांच्या आत लाकूड पुरते. धुराने डोळे चुरचुरणारी चूल मागासलेली आणि स्वच्छ शेगडी काटकसरीची, हा समज वखारीपासून हिशेब सुरू केला तरच टिकतो. झाडापासून सुरू केला तर टिकत नाही. शेगडीचा धूर नाहीसा झाला नव्हता. तो मुरबाडच्या रानात आधीच होऊन गेला होता.

दुसऱ्या महायुद्धात या मागणीत एक नवी भर पडली. पेट्रोलवर नियंत्रण आल्यामुळे मोटारींना कोळशाच्या वायूची संयंत्रे जोडण्याची पद्धत हिंदुस्थानभर पसरली. येथेही गणित तेच आहे. तापलेल्या कोळशावरून थोडी हवा सोडली की मोनॉक्साइड तयार होतो, ३९३.५ पैकी ११०.५ किलोज्यूल तेथेच सुटतात आणि २८३, म्हणजे शेकडा ७२, वायूत राहून इंजिनापर्यंत जातात. वाफ सोडली तर मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजनही मिळतो, परंतु ही विक्रिया दर मोलला १३१ किलोज्यूल उष्णता शोषून घेते. वाफ जास्त झाली की कोळसा निवतो आणि गाडी घाटात थांबते. एन्थॅल्पीचे चिन्ह धन की ऋण, याचा प्रत्यय चालकांना त्या वर्षांत रस्त्यावरच आला असेल.

उष्णतेच्या या बेरजेशेजारी मजुरीची बेरीज ठेवली म्हणजे एक विसंगती दिसून येते. भट्टीवरची मजुरी बहुधा पोत्यामागे ठरे. पोते हे आकारमानाचे माप आहे, उष्णतेचे नव्हे. ऐन किंवा धावडा यांसारख्या जड लाकडाचा कोळसा घट्ट व वजनदार, हलक्या लाकडाचा ठिसूळ व पोकळ. समजा एका पोत्यात हलका कोळसा २५ किलोग्रॅम मावला आणि जड कोळसा ३५ किलोग्रॅम. पहिल्या पोत्यात ७५० मेगाज्यूल, दुसऱ्यात १,०५०. जड लाकूड तोडण्यास, ओढण्यास कष्ट अधिक, आणि पोत्यामागची मजुरी मात्र तीच. पुढे माल वजनावर विकला गेला की वरच्या ३०० मेगाज्यूलांची किंमत व्यापाऱ्याकडे राहते. शिवाय लाकूड कच्चे राहिले किंवा भट्टी पेटून राख झाली तर पोती भरत नाहीत. अर्थात विक्रिया बिघडल्याचा तोटा मजुरावर. पावसाळ्यात घेतलेली उचल हंगामाच्या अखेरीस फिटत नसे व कुटुंब पुढच्या वर्षी त्याच ठेकेदाराच्या भट्टीवर जाई, याच्या मुळाशी इतर अनेक कारणांबरोबर हे मापही होते.

ठेकेदारी पद्धतीची सरकारी चौकशी १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस झाली. सिमिंग्टन यांच्या अहवालात मुंबई प्रांतातील आदिवासींची पिळवणूक स्पष्ट शब्दांत मांडली गेली. १९४५ च्या जानेवारीत मुरबाडपासून जवळच असलेल्या टिटवाळ्यास महाराष्ट्र किसान सभेची पहिली परिषद भरली आणि वेठबिगारीचा प्रश्न चव्हाट्यावर आला. १९४७ पासून जंगल कामगारांच्या सहकारी संस्थांना तोडीची कामे देण्याचे धोरण अमलात आले. कर्जापोटी बांधून घेण्याच्या प्रथेवर १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने बंदी आली. या कायद्यांचे श्रेय कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु यांपैकी एकानेही पोत्याचे माप बदलले नाही. भट्टी आटोक्यात ठेवण्याचे जे कौशल्य, ज्याच्यावर मालातील कार्बनाचे प्रमाण अवलंबून असते, त्याची किंमत कोणत्याही दरपत्रकात वेगळी धरली गेली नाही.

शेवटी कोळशाला मागे सारले ते इंधनांच्या बदलाने. रॉकेलचा स्टोव्ह आणि त्यामागून बाटलीतला गॅस यांनी मुंबईची शेगडी विझविली; १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याने खासगी जमिनीवरील तोडही परवान्याखाली आणली. मुरबाड-शहापूरकडील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर आता कल्याण, भिवंडी, शहापूर या भागांतील वीटभट्ट्यांवर जातात. तेथील रसायन निराळे आहे. कोळसा होताना लाकूड उष्णता देते. वीट भाजताना मातीतील बांधलेले पाणी काढून टाकण्यासाठी मातीला उष्णता द्यावी लागते, आणि ती दगडी कोळसा व भाताचा तूस यांतून येते. मजुरी येथे हजार विटांमागे ठरते, आणि उचल पावसाळ्यातच दिली जाते.